हकीमसाहेबांची रीत

रमजानमध्ये मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. वर्षभर शिल्लक राहिलेला पैसा आणि सोने-चांदी यांतला अडीच टक्के वाटा गरजूंना द्यायचा, हा नियम. पण ज्याच्याकडे शिल्लकच नाही, त्याने काय द्यावे? त्याच्या हातात एखादे कसब असेल, तर त्यातला वाटा तो देऊ शकतो. दिल्लीचे हकीम अजमल खान यांनी तो आयुष्यभर दिला.

त्यांचा जन्म १८६८ चा. घराणे पिढीजात हकिमांचे, राहायला दिल्लीच्या बल्लीमारान मोहल्ल्यातील शरीफ मंझिल. लहान वयातच त्यांनी कुरआन पाठ केले आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून युनानी वैद्यक शिकले. १८९२ मध्ये ते रामपूरच्या नवाबांचे हकीम झाले. पुढे थोरल्या भावांच्या पश्चात घराण्याच्या दवाखान्याची आणि वैद्यकशाळेची जबाबदारी त्यांच्यावर आली.

दिल्लीतल्या रुग्णाकडून फी घ्यायची नाही, ही रीत त्यांनी पाळली. एखाद्या संस्थानिकाने बाहेरगावी बोलावले, तर मात्र दिवसाला एक हजार रुपये. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. श्रीमंताकडून घ्यावे आणि गरिबाला द्यावे, एवढाच याचा अर्थ नाही. शहरात कोणाकडूनच फी घेतली जात नसल्याने गरिबाला आपली गरिबी सांगावी लागत नव्हती. कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता. हिंदू असो वा मुसलमान, हकीमसाहेबांपुढे नाडी दाखवायला बसलेला प्रत्येक जण फक्त रुग्ण होता.

१९०५ मध्ये त्यांनी हिंदुस्थानी दवाखाना सुरू केला. तिथे युनानी आणि आयुर्वेदिक अशी दोन्ही प्रकारची औषधे तयार होत. त्याचे उत्पन्न घरात न आणता त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी लावले. बाळंतपणात जाणकार हात मिळावेत म्हणून १९०९ मध्ये स्त्रियांसाठी वेगळी शाळा काढली. सरकार देशी वैद्यकाकडे दुर्लक्ष करत होते, तेव्हा त्यांनी वैद्य आणि हकीम यांना एका परिषदेत आणले. करोल बागेत त्यांनी उभारलेल्या तिब्बिया कॉलेजात आयुर्वेद आणि युनानी एकाच छताखाली शिकवले जाऊ लागले. १९२१ मध्ये गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले.

सरकारने १९०८ मध्ये त्यांना हाजिक-उल-मुल्क हा किताब दिला होता. असहकाराच्या काळात, १९२० मध्ये तो त्यांनी परत केला. लोकांनी मग आपल्याकडून त्यांना मसीह-उल-मुल्क म्हणायला सुरुवात केली. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९२० मध्येच स्थापन झालेल्या जामिया मिलियाचे ते पहिले कुलपती. खिलाफत चळवळ ओसरली, पैसा आटला, संस्था बंद पडते की काय अशी वेळ आली. १९२५ मध्ये ती अलिगढहून दिल्लीला आणण्यात आली आणि तिच्या खर्चाचा मोठा भार हकीमसाहेबांनी स्वतःच्या खिशातून उचलला. प्रकृती साथ देत नसतानाही तिच्यासाठी त्यांची धडपड चालूच होती. २९ डिसेंबर १९२७ रोजी रामपूर येथे त्यांचे निधन झाले.

एवढी मोठी कामे सगळ्यांच्याच हातून होणार नाहीत. पण दवाखान्यातली ती रीत आपल्यालाही जमण्यासारखी आहे. डॉक्टर आठवड्यातली एक सकाळ ठेवू शकतो, शिक्षिका संध्याकाळचा एक तास. शिवणकाम करणारी बाई शाळा सुरू होण्याआधी मोहल्ल्यातल्या मुलांचे गणवेश नीट करून देऊ शकते. लिहिता-वाचता येणारा माणूस शेजाऱ्याचा बँकेचा अर्ज भरून देऊ शकतो. मात्र त्यासाठी कोणाला अजिजी करायला लावू नये आणि देताना धर्म-जात विचारू नये. या महिन्यात अशी एखादी रीत ठरवली, तर ईद झाल्यावरही ती चालू ठेवता येईल.