एक्स्प्लेनर : म्हैस पिसाळल्याची खात्री कशी होते? नेग्रींनी शोधलेली खूण

कोल्हापूर : म्हैस लाळ गाळते, वैरण गिळेना, की घशात काही अडकले म्हणून हात घातला जातो. घालू नका, रेबीज असू शकतो. खात्री मेल्यावर मेंदू तपासूनच होते.

ही वाट इटलीच्या अडेल्की नेग्रींची. जन्म १८७६, पेरुजिया. पावियात कॅमिलो गोल्जींच्या प्रयोगशाळेत १९०३ मध्ये त्यांना पिसाळलेल्या जनावरांच्या मेंदूपेशींत बारीक गोलसर कण दिसले. तेच 'नेग्री बॉडीज'. तोवर सशाला टोचून कित्येक दिवस थांबावे लागे. कण म्हणजे परजीवी, हा त्यांचा समज मात्र चुकला. रोग विषाणूचा निघाला. १९१२ मध्ये, ३५व्या वर्षी ते क्षयाने गेले.

प्रत्येक बाधित जनावरात हे कण सापडत नाहीत. म्हणून आता फ्लुरोसंट अँटिबॉडी चाचणी होते. लाळ जखमेला लागली असेल, तर अहवालाची वाट न पाहता जखम साबणाने धुऊन लस घ्या.