शेव्हरोले नावाचा माणूस

युरोपात जुन्या अमेरिकन गाड्यांचे वेड असलेली पुष्कळ मंडळी आहेत. त्यांच्या आवडत्या गाड्यांपैकी एक म्हणजे १९४७ ते १९५५ या काळातला शेव्हरोले ३१०० हा पिकअप ट्रक. तो पाळणं मात्र सोपं नाही. स्पीडोमीटर मैलात, नटबोल्ट इंचात, त्यामुळे तिकडचे मिलिमीटरचे पाने बसत नाहीत. जुन्या गावांच्या अरुंद गल्ल्यांत वळवताना घाम फुटतो तो वेगळाच! त्यातल्या त्यात जर्मनीत बरं आहे. गाडी ३० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर खास नंबरप्लेट मिळते आणि कितीही मोठं इंजिन असलं तरी वर्षाला साधारण १९१ युरो एवढाच ठराविक कर.

हे मालक अभिमानाने 'अमेरिकन' गाडी म्हणतात, पण बॉनेटवरचं नाव अस्सल युरोपियन आहे. (फ्रेंच नाव, म्हणून शेवटचा 'ट' उच्चारायचा नाही. मी बरीच वर्षं उच्चारत होतो.)

लुई शेव्हरोले २५ डिसेंबर १८७८ ला स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों या घड्याळांच्या गावी जन्मला. वडील घड्याळजी. पुढे कुटुंब फ्रान्समध्ये बोन इथे गेलं. तिथे लुई सायकलच्या दुकानात कामाला लागला, सायकलच्या शर्यतीही जिंकू लागला. १९०० मध्ये तो आधी कॅनडाला आणि मग न्यूयॉर्कला पोहोचला. १९०५ मध्ये फियाट चालवून त्याने बार्नी ओल्डफील्ड या त्या काळच्या 'स्टार' ड्रायव्हरला हरवलं आणि एकदम प्रसिद्ध झाला.

मग त्याच्या आयुष्यात आला विल्यम ड्युरँट. जनरल मोटर्स उभी करणारा आणि १९१० मध्ये तिच्यातूनच बाहेर फेकला गेलेला हा गृहस्थ. त्याला पुन्हा उभं राहायचं होतं आणि लुईचं नाव सगळ्यांना माहीत होतं. ३ नोव्हेंबर १९११ रोजी डेट्रॉईटला शेव्हरोले कंपनी निघाली. लुईची पहिली गाडी 'क्लासिक सिक्स': सहा सिलिंडर, ४.९ लिटर, किंमत २१५० डॉलर. फोर्डची मॉडेल टी तेव्हा साधारण एक तृतीयांश किमतीत मिळायची. ड्युरँटला हवी होती स्वस्त गाडी. लुईला आपल्या नावाने तसली गाडी निघालेली चालणार नव्हती. वाद वाढला. १९१३ च्या सुमारास लुई बाहेर पडला, शेअर्सही सोडले. नाव मात्र कंपनीकडेच राहिलं. म्हणजे स्वतःच्या गाडीला स्वतःचं आडनाव लावायची सोय उरली नाही!

मला वाटतं इंजिनिअर म्हणून तो बरोबर होता आणि हिशेबात पार चुकला. ड्युरँटने त्याच शेव्हरोलेच्या शेअर्सच्या जोरावर १९१६ मध्ये जनरल मोटर्स परत मिळवली. १९१८ मध्ये कंपनीने ट्रक बनवायला सुरुवात केली. त्यात लुईचा काडीचा संबंध नव्हता.

त्याने आता 'फ्रॉन्टेनॅक' नावाने रेसिंग कार बनवायला घेतल्या. १९२० मध्ये धाकटा भाऊ गास्टन लुईच्याच गाडीत इंडियानापोलिस ५०० जिंकला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या शर्यतीत अपघातात गेला. पुढच्या वर्षी पुन्हा लुईचीच गाडी पहिली आली, पण पैसा टिकेना. शेवटी त्याने मॉडेल टीसाठी जास्त ताकद देणारे सिलिंडर हेड विकले. स्वस्त गाडीवरून भांडून निघालेला माणूस फोर्डच्या स्वस्त गाडीवर पोट भरू लागला. नंतर विमानाच्या इंजिनांचा धंदा केला, तोही बुडाला.

महामंदीत तो डेट्रॉईटला परत आला आणि शेव्हरोलेच्याच कारखान्यात साधा मेकॅनिक म्हणून लागला. गेटवर स्वतःचं नाव वाचून रोज कामावर जाताना काय वाटत असेल, विचार करवत नाही. १९३६ मध्ये जनरल मोटर्सने स्वित्झर्लंडमध्ये बील इथे जुळणीचा कारखाना काढला, लुईच्या जन्मगावापासून फार लांब नाही. तिथे शेव्हरोले गाड्याही तयार होत. ६ जून १९४१ ला लुई डेट्रॉईटला वारला. दफन इंडियानापोलिसला झालं.

३१०० चा जन्म त्यानंतर सहा वर्षांनी झाला. त्याचं बॉनेट उघडलं की आत सहाच सिलिंडर दिसतात, क्लासिक सिक्सइतकेच. बाकी त्यात लुईचं काही नाही.