कुलूप करणारा वकील

गेल्या आषाढातली गोष्ट. आमच्या हिंगोलीला चार दिवस झड लागली होती. कयाधूला पाणी आलेले, अंगणात चिखल, आणि घरातली झाडून सगळी दारे फुगलेली. अशाच एका सकाळी आमची आई मागच्या खोलीत अडकली. वय अठ्ठ्याहत्तर. रात्री झोपताना आतून किल्ली फिरवून झोपायची तिची जुनी सवय. सकाळी किल्ली पाव फेरा फिरली आणि थांबली ती थांबलीच. तिने जोर लावला, किल्ली किंचित वाकली. खिडकीच्या गजांतून तिने किल्ली बाहेर दिली, मी बाहेरून प्रयत्न केला, पण तेच. आईला साखरेचा आजार. सकाळची गोळी आणि त्यानंतर लगेच पोटात काहीतरी, हा नेम चुकला की तिला घाम फुटतो. गजांतून चहाचा कप जात नव्हता. वाटी तिरपी करून कसाबसा शिरा दिला. मी शेजारच्यांची पहार मागून आणली.

पहार दाराला लावणार एवढ्यात बाजारात किल्ल्या करणारे एक म्हातारे चाचा आले. शेजारच्या पोराने सायकलवर डबलसीट बसवून त्यांना आणले होते. त्यांनी आधी माझ्या हातातली पहार बाजूला ठेवायला लावली. मग खांद्याने दार चौकटीकडे दाबले, दुसऱ्या हाताने मूठ वर उचलून धरली आणि मला किल्ली फिरवायला सांगितले. किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरली. आई बाहेर आली आणि पहिल्यांदा चाचांसाठी चहा टाकायला गेली.

चाचांनी मग दार उघडे ठेवूनच कुलपाची किल्ली दोन-चारदा फिरवून दाखवली. कुलपाची जीभ झरझर आत-बाहेर होत होती. त्यांचे म्हणणे असे, की कुलूप बिचारे चांगले आहे, आजारी आहे ते दार. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले, त्यामुळे दार बोटाच्या पेराएवढे खाली बसलेले, त्यात पावसाने फुगलेले. जीभ चौकटीवरच्या पत्र्याच्या भोकात सरळ न जाता कडेला घासत होती. पत्र्यावर भोकाच्या खाली चकाकणारा ओरखडा त्यांनी बोट ठेवून दाखवला. तो ओरखडा तिथे सहा महिने तरी असणार. मी रोज त्या दारातून ये-जा करत होतो आणि मला तो दिसला नव्हता.

त्या दिवसापासून मला कुलपांचे वेड लागले म्हणा ना! निवृत्त माणसाला एक वेड असावेच. ती कशी चालतात, का बिघडतात हे वाचता-विचारता मी एका माणसापाशी येऊन थांबलो. त्याचे आडनाव आपल्या मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात रोज घेतले जाते, पण त्याची गोष्ट कोणालाच ठाऊक नसते. आपण पत्र्याच्या कपाटाला कपाट म्हणतच नाही, गोदरेज म्हणतो. लग्नात मुलीला गोदरेज दिले, असे म्हणतो. मग ते कोणत्याही कारखान्याचे का असेना. त्या नावामागचा मूळ माणूस म्हणजे अर्देशीर गोदरेज.

अर्देशीर यांचा जन्म १८६८ सालचा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. वडील बुर्जोरजी, आई दोसीबाई. सहा भावंडांत हे थोरले. मूळ आडनाव गुथेराजी, ते वडिलांनी १८७१ मध्ये बदलून गोदरेज केले. घरचा व्यवसाय जमीनजुमल्याचा, खाऊनपिऊन सुखी घर. मुलगा कायदा शिकला. १८९० मध्ये बाचूबाईंशी लग्न झाले.

पुढच्याच वर्षी त्या घरावर आभाळ कोसळले. एप्रिल १८९१ मध्ये बाचूबाई आणि त्यांच्या नात्यातली एक तरुणी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून खाली पडून मरण पावल्या. दोघीही ऐन तारुण्यात. त्या काळी सगळी मुंबई या घटनेने हादरली. खटला उभा राहिला, आरोपी सुटला, आणि वर काय घडले याचा निर्विवाद उलगडा कधीच झाला नाही. अर्देशीर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. पुढे हाच माणूस आयुष्यभर घरे सुरक्षित करण्याच्या मागे लागला, हा धागा जोडायचा मोह मला फार झाला. पण त्यांच्या मनात काय होते ते आपण कोण सांगणार? ते दुःख त्यांनी आपल्यापाशीच ठेवले. आपणही ते तिथेच राहू द्यावे.

वकिली मात्र त्यांना मानवली नाही. १८९४ मध्ये एका खटल्यासाठी ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांजिबारला गेले. तिथे अशिलाच्या बाजूने जे ठासून सांगायचे होते, ते खरे आहे अशी त्यांची स्वतःची खात्री पटेना. खात्री नसलेली गोष्ट खरी म्हणून कोर्टापुढे मांडायला ते तयार झाले नाहीत. वकिलाने असे करून कसे चालेल? नाहीच चालले. ते मुंबईला परतले आणि त्यांनी वकिलीला रामराम ठोकला.

मग एका औषधांच्या दुकानात काम धरले. तिथे शस्त्रक्रियेची हत्यारे विलायतेहून येत असलेली पाहून ती आपणच करावीत असे डोक्यात आले. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून त्यांनी ३,००० रुपये कर्ज घेतले. माल उत्तम उतरला. ज्या कंपनीसाठी तो केला होता तिलाही पसंत पडला. अडले ते एका छोट्या गोष्टीवर. हत्यारांवर ती हिंदुस्थानात तयार झाल्याचा शिक्का असावा हा अर्देशीर यांचा आग्रह, आणि तसा शिक्का असला तर माल खपणार नाही हे गिऱ्हाइकाचे म्हणणे. अर्देशीर यांनी धंदा सोडला, शिक्का सोडला नाही. डोक्यावर कर्ज, हातात दुसरा व्यवसाय नाही, आणि वय तिशीला आलेले. आपल्यापैकी किती बापांनी अशा मुलाला शहाणा म्हटले असते?

त्याच सुमारास मुंबईतल्या घरफोड्यांबद्दलची बातमी त्यांच्या वाचनात आली. लोकांनी आपल्या घरांची नीट काळजी घ्यावी, असा पोलीस कमिशनरांचा सल्ला त्यात होता. त्या वेळी बाजारात दोन तऱ्हेची कुलपे मिळत. एक, अलीगढसारख्या ठिकाणी हाताने घडवलेली. दुसरी विलायती, महागडी. आणि विलायती म्हणून अभेद्य असेही काही नव्हते. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने तिथली नावाजलेली कुलपे उघडून दाखवली होती. एकाला त्याला अर्धा तासही लागला नव्हता, दुसऱ्यापाशी मात्र तो पंधरवडाभर झटला. कुलूप ही एक पैज आहे. करणारा आणि उघडणारा यांच्यातली ती पैज कधी संपत नाही.

अर्देशीर पुन्हा कामांकडे गेले, आणि कामांनी पुन्हा पैसे दिले. ७ मे १८९७ रोजी लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारी, २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये काम सुरू झाले. २१५ चौरस फूट म्हणजे आपल्या घरातली एक मोठी खोली. बारा कारागीर, काही गुजरातचे, काही मलबारचे. मुंबईत तेव्हा प्लेगची साथ होती, लोक शहर सोडून जात होते, आणि हा गृहस्थ कुलपे घडवत बसला होता.

पहिल्या कुलपाचे नाव अँकर. प्रत्येक कुलपासोबत हमी लिहून दिलेली असे. पुढे एक कुलूप काढले, त्याला दोन किल्ल्या. त्यातल्या दुसऱ्या किल्लीने कुलपाची आतली रचना अशी बदलता येई, की पहिली किल्ली निकामी व्हावी. म्हणजे किल्ली परक्या हाती गेली तरी घरमालक निर्धास्त. आणखी एका कुलपात कोणी खोटी किल्ली घालून खटपट केली, तर जीभ अडकून राही आणि मालकाला चोरी-छुपे झालेला प्रयत्न कळे.

इथे कुलपाचे पोट थोडे उघडून पाहू. आपल्या दारांच्या बऱ्याच कुलपांत पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. किल्लीला जे दाते असतात, त्यातला प्रत्येक दाता आपापल्या पट्टीला नेमका ठरलेल्या उंचीवर उचलतो. साऱ्या पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की जीभ सरकायला वाट मिळते. एक जरी पट्टी केसभर कमी-जास्त उचलली गेली तर वाट बंद. पट्टी परत खाली बसवायला बारीक स्प्रिंग असते, आणि कुलपाचे दुखणे बहुधा याच स्प्रिंगमध्ये असते. गंजते, थकते, एक दिवस तुटते. अर्देशीर यांनी नेमके हेच दुखणे ओळखले. स्प्रिंगवर विसंबून नसलेले कुलूप त्यांनी तयार केले आणि १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. जी वस्तू हमखास मोडते ती दुरुस्त करत बसण्यापेक्षा तिची गरजच काढून टाकायची, असा तो विचार होता.

१९०२ मध्ये त्यांची पहिली तिजोरी बाजारात आली. धाकटे भाऊ पिरोजशा १९०६ मध्ये हाताशी आले. कंपनीच्या नावातले बॉइस हे मेरवानजी कामांचे नातलग. ते फार काळ टिकले नाहीत, पण त्यांचे नाव मात्र कंपनीने कायम ठेवले. १९२५ मध्ये कलकत्त्याच्या धरमतल्ला भागात मोठी आग लागली, तेव्हा या तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाले. मुंबई गोदीत १९४४ मध्ये भीषण स्फोट झाला तेव्हाही तसाच अनुभव आला. पण तो पाहायला अर्देशीर नव्हते.

कुलपांवर हा माणूस थांबला नाही. साबणात जनावरांची चरबी असे, म्हणून पुष्कळांना तो चालत नसे. अर्देशीर यांनी १९१८ मध्ये वनस्पती तेलापासून साबण केला आणि त्याला नाव दिले चावी. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. स्वदेशीचे ते कट्टर होते. पण देशी म्हणून ओबडधोबड माल लोकांच्या गळ्यात मारावा, हे त्यांना कधी पटले नाही. माल आधी चांगला हवा, मग देशी असल्याचा अभिमान. शेवटची वर्षे त्यांनी कारभार पिरोजशांवर सोपवून नाशिककडे शेतीत घालवली. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा त्याच कंपनीच्या विक्रोळीच्या कारखान्याने लाखो मतपेट्या तयार करून दिल्या. आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्या पहिल्या मतदानाच्या वेळी आम्ही परभणी जिल्ह्यात आणि हैदराबाद राज्यात होतो.

या माणसाचे आयुष्य वाचताना मला सारखी ती आषाढातली सकाळ आठवत राहिली. झांजिबारला जो माणूस खात्री नसलेले बोलायला तयार झाला नाही, त्याने पुढे असा धंदा निवडला, की जिथे खोटे बोलायला जागाच नाही. कुलूप एक तर लागते, नाही तर लागत नाही. एक तर धरते, नाही तर धरत नाही. वकिलाचा शब्द पटवून देता येतो. कुलपाचा शब्द रोज रात्री आपोआप तपासला जातो. आणि आपण घरात निवांत झोपतो ते कोणा अनोळखी कारागिराच्या त्या शब्दावर.

पण कुलूप करणाऱ्याने शब्द पाळला तरी घर सांभाळणाऱ्याचेही काही काम उरते, हे चाचांनी मला शिकवले. वाचकहो, तेवढे सांगून थांबतो. किल्ली जड फिरू लागली की आधी दार उघडे ठेवून फिरवून पाहा. उघड्या दारात नीट फिरली तर दोष दाराचा किंवा चौकटीचा. बिजागरीचे स्क्रू आवळा. भोके मोठी झाली असतील तर काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू पिळा. चौकटीच्या पत्र्यावर ओरखडा दिसला तर त्या बाजूने भोक कानशीने थोडे मोठे करा. उघड्या दारातही किल्ली अडखळली तर दोष कुलपाचा किंवा किल्लीचा. कमी वापरलेली दुसरी किल्ली घालून पाहा. ती चालली तर पहिलीचे दाते झिजलेत. खोबरेल तेल मात्र ओतू नका. त्याला धूळ चिकटते आणि आत राप बसतो. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड किल्लीला लावून ती दोन-चारदा फिरवा. आणि किल्ली नुसतीच गरगर फिरली, आत काही धरेनाच, तर कुलूप काढून जाणत्या कारागिराकडे न्या. जोर कधीही लावू नका. वाकलेली किल्ली आत मोडली, की दहा मिनिटांचे काम दिवसाचे होते.

मी आमच्या वरच्या बिजागरीला लांब स्क्रू बसवले, पत्र्याचे भोक कानसले. वाकडी किल्ली चाचांनी नवी करून दिली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने आतून किल्ली लावू नये, नुसती कडी लावावी, आणि तीही बाहेरून उचलता येईल अशी, असे मी आईला बजावले. तिने ऐकून घेतले. त्या रात्री मी मुद्दाम जागा राहून कान दिला. आतून किल्ली दोनदा फिरल्याचा आवाज आला. कुठेही न अडखळता.

आता दर पंधरा दिवसांनी, आई देवळात गेली की, मी तिचे दार उघडे ठेवून किल्ली फिरवून पाहतो. ती तिची सवय सोडणार नाही. मग निदान माझी तरी एक सवय मला बदलता आली.