विश्लेषण : मिशनचा पगार रेव्हरंड टिळकांना का नकोसा झाला?

'केवढे हे क्रौर्य!' ही कविता शाळेत शिकलेल्यांना ना. वा. टिळक आठवतात ते फुलामुलांचे कवी म्हणून. याच टिळकांनी १९१७ मध्ये, वयाच्या ५५व्या वर्षी, अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली. ख्रिस्तावरची श्रद्धा उडाली म्हणून सोडली असती तर समजण्यासारखे होते. पण श्रद्धा होती तशीच होती. महिन्याचा पगार तिच्या आड येतो, असे त्यांना वाटू लागले होते. नोकरी आणि श्रद्धा यांचा हा झगडा सुरू झाला तो नागपूरहून सुटलेल्या एका रेल्वेगाडीत.

टिळक नागपूरला कसे आले?

नारायण वामन टिळक (हे लोकमान्य नव्हेत, जिल्हा मात्र एकच) यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील सरकारी नोकरीत, स्वभावाने तापट. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेली. ती लवकर गेली आणि मुलाचे घरातून लक्ष उडाले. तो नाशिकला आला, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला; इंग्रजी शिक्षण अर्धवटच राहिले.

पुढची काही वर्षे एका जागी पाय ठरला नाही. कधी शाळामास्तर, कधी कीर्तनकार, कधी पुराणिक, कधी व्याख्याता. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्यांना दिली. तीच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणारी लक्ष्मीबाई. सांगून न जाणे आणि परत येऊन सारे ठीक असल्यासारखे वागणे, हा नवऱ्याचा स्वभाव तिने लग्नानंतर लवकरच ओळखला.

१८९१च्या सुमारास टिळक नागपूरला आले. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले आणि 'ऋषि' हे धर्मविषयक मासिकही त्यांनी चालवले. जातिभेद मोडेल आणि देशाला एकत्र आणेल असा एखादा नवा धर्मच काढावा, असे विचार तेव्हा त्यांच्या डोक्यात घोळत होते.

गाडीत काय घडले?

१८९३ मध्ये टिळकांना राजनांदगाव संस्थानात नोकरी लागली. आजच्या छत्तीसगडमधले हे गाव नागपूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या रेल्वेवर आहे. त्या प्रवासात डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. काळ्या माणसाला पाहून तोंड फिरवण्याऐवजी त्याने बसायला जागा करून दिली, संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या आणि उतरताना बायबलचा नवा करार हातात ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले.

दोघांनी एकमेकांची नावे विचारली नव्हती. हा प्रवासी फ्री मेथडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड होता, हे पुष्कळ वर्षांनी कळले. वऱ्हाडला हे मिशन परके नाही. यवतमाळ हे पुढे त्याचे मुख्य ठाणे झाले. १९५३ मध्ये यवतमाळलाच युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. ती १९८३ मध्ये पुण्याला गेली. अकोला-अमरावतीत मात्र काम मुख्यतः ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे होते.

टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले ते शब्द दिला होता म्हणून. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर मात्र ते खाली ठेववेना.

नोकरी आणि घर दोन्ही कसे सुटले?

संस्थानी नोकरीत राहून परधर्माची ओढ उघड करणे सोपे नव्हते. टिळकांनी आधी आडून चाचपणी केली. मिशनच्या 'ज्ञानोदय' या पत्राशी नाव न सांगता पत्रव्यवहार सुरू केला. 'ज्ञानोदय' सुरू झाले १८४२ मध्ये अहमदनगरला, आणि धर्मावरचे वाद त्यात मोकळेपणाने चालत. त्यातूनच डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी ओळख झाली. नांदगावची नोकरी सुटली आणि टिळक मुंबईला गेले. नागपूर-मुंबई लोहमार्ग तेव्हाही बडनेरा-अकोल्यावरूनच जाई.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता त्यांनी रेव्हरंड तुकारामजी नथोजी या मराठी पाळकाच्या हातून घेतला. पुढे जे घडले त्याचे बीज या निवडीत दिसते.

घरात हाहाकार उडाला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. नवराबायकोची ताटातूट साडेचार-पाच वर्षे चालली. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. पत्रे लिहीत राहिले. शेवटी त्या नगरला आल्या. प्रथम त्यांनी आपला स्वयंपाक, आपले सोवळे वेगळे ठेवले. १९०० मध्ये राहुरी येथे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय त्यांचा होता. नवऱ्यामागे फरपटत गेलेली बाई अशी त्यांची ओळख करून देणे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्याला पटणार नाही.

मिशनमध्ये टिळकांचे काम काय होते?

नगरच्या धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत ते शिकवत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि नावामागे रेव्हरंड लागले. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. शिकवणे, प्रूफे तपासणे, खेड्यांत जाणे, दुष्काळात आणि प्लेगात माणसांना आधार देणे, असे त्यांचे रोजचे जगणे होते. छप्पन्नच्या दुष्काळात अनाथ पोरे त्यांच्या घरी येऊन राहिली. पगार हातात आला की त्याला वाटा फुटत; घरात काय शिजणार याची चिंता लक्ष्मीबाईंची.

नोकरीच्या चौकटीत त्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि तीच सर्वांत टिकली. तोवर मराठी चर्चमध्ये बरीचशी गीते इंग्रजी चालींवर बसवलेली, भाषांतराचा वास असलेली होती. टिळकांनी अभंग, ओव्या, भजने लिहिली आणि कीर्तनातून ख्रिस्त सांगितला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. अकोला-अमरावतीच्या मराठी चर्चमध्ये टाळ वाजतो त्याचे श्रेय बरेचसे टिळकांकडे जाते.

जुन्या मित्रांना ते तुटू देत नव्हते. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांनी कोवळ्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना पाहिले आणि नगरला आपल्या घरी नेले. तेच आपले बालकवी. ठोंबरे हिंदूच राहिले आणि टिळकांच्या घरी घरच्यासारखे राहिले.

मग अडचण कुठे होती?

अडचण पगाराच्या वाटेत होती. अमेरिकेत वर्गणी गोळा होई, ती मिशनकडे येई, मिशन ती मराठी पाळक, शिक्षक, प्रचारक यांना मासिक वेतन म्हणून देई. कोणाला कुठे नेमायचे याचा शेवटचा शब्द मिशनऱ्यांचा. यात बेइमानी नव्हती. शाळा, दवाखाने, वसतिगृहे याच पैशावर उभी राहिली. पण गावात उभे राहून ख्रिस्त सांगणाऱ्याला समोरचा मनातल्या मनात विचारी, की हा बोलतोय ते खरे वाटते म्हणून की पगार मिळतो म्हणून? पोटासाठी बाटले, हा टोमणा तर प्रत्येक ख्रिस्ती घराने ऐकलेला. नोकरी आणि नाती गमावून आलेल्या टिळकांना तो इतरांपेक्षा जास्त झोंबला असेल तर नवल नाही.

दुसरी बोच स्वाभिमानाची. टिळक कडवे देशभक्त होते. हिंदी माणसाचा धर्म परदेशी पैशावर आणि परदेशी शिस्तीवर चालावा, हे त्यांना सोसेना. मिशनऱ्यांतही त्यांचे जिवलग स्नेही होते; भांडण माणसांशी नव्हते.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ख्रिस्ताला मानणाऱ्याने आपले लोक आणि आपली रीत सोडावी का, हा प्रश्न दरबाराने उघडपणे विचारला. पाळक मंडळींना तो सगळ्यांनाच रुचला असे नाही, कारण बाप्तिस्म्याशिवाय शिष्यत्व म्हणजे चर्चच्या पायालाच हात. 'ज्ञानोदय'ची लेखणी मात्र त्यांनी खाली ठेवली नाही.

या निर्णयाचे पुढे काय झाले?

प्रयोगाला दोन वर्षेही मिळाली नाहीत. टिळक आजारी पडले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबार फार काळ तगला नाही. त्यांची जागा घेईल असे कोणी नव्हते, आणि संन्याशाच्या भरवशावर चालणाऱ्या संस्थेला पैशाची सोय नव्हती. टिळकांनी जो प्रश्न पगार सोडून सोडवला, तो घरच्यांसाठी सुटला नव्हताच.

महिन्याच्या मिळकतीची गरज लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. त्यांनी मुलींच्या वसतिगृहाची देखरेख करण्याची नोकरी धरली, पुढे मुलासोबत कराचीला गेल्या, मग नाशिकला परतल्या. टिळकांनी १९०९ मध्ये हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य मोजक्याच अध्यायांवर थांबले होते. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यापुढचे ६४ अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून आले ते १९३८ मध्ये.