रयतेच्या लेकरांचे अण्णा : कर्मवीर भाऊराव पाटील



ज्युबिलीचे वर्ष हे कृतज्ञतेचे वर्ष होय. आपल्या आधी कोणी कोणी आपल्यासाठी झीज सोसली, कोणी मुलांच्या हाती पाटी दिली, कोणी उपाशी लेकरास आपल्या ताटातला घास दिला, हे ह्या वर्षी आठवावयाचे असते. असे स्मरण करिताना दृष्टी केवळ आपल्या देवळाच्या अंगणापुरती ठेवणे योग्य नव्हे. भल्या शोमरोन्याचा दृष्टांत ऐकत वाढलेल्या आपणांस हे निराळे सांगावयास नको की, शेजारप्रीतीचा धडा कित्येकदा आपल्या मंडळाबाहेरील मनुष्याकडूनच शिकावा लागतो. म्हणून जैन कुळात जन्मलेल्या आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांचा बाप झालेल्या एका सत्पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

आपले हट्टा गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तेथे सरकारदरबारची भाषा उर्दू असल्यामुळे मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास शिक्षणाचा दरवाजा फारच अरुंद होता. परंतु ब्रिटिश अमलाखालील सातारा प्रांतातही खेड्यातील गरिबाच्या मुलाची स्थिती काही मोठी सुखाची नव्हती. शाळा शहरात, मूल खेड्यात, आणि दोहोंच्या मध्ये दारिद्र्य व अस्पृश्यता ह्यांच्या दोन भिंती! त्या भिंती पाडण्याचे काम भाऊरावांनी आयुष्यभर केले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे झाला. वडील पायगोंडा पाटील हे सरकारी नोकरीत होते. अस्पृश्यांना पाणी भरू न देणाऱ्या विहिरीचा रहाटच लहानग्या भाऊरावांनी मोडून टाकला, अशी एक गोष्ट त्यांच्या बालपणाविषयी सांगतात. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात गेले व जैन वसतिगृहात राहू लागले. त्या वेळी तेथे शाहू छत्रपतींची राजवट होती, आणि निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडण्याचे महाराजांचे कार्य जोरात चालले होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनास भाऊराव गेले, आणि परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचे त्यांनी नाकारिले. ह्या अपराधाबद्दल त्यांना वसतिगृह सोडावे लागले. अभ्यासातही यश लाभले नाही; मॅट्रिकची पायरी त्यांनी कधीच गाठली नाही. ज्याने पुढे सहस्रावधी मुलांना शिकविले, तो स्वतः परीक्षेत हरलेला विद्यार्थी होता, हे आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

साताऱ्यात शिकवण्या करून ते पोट भरू लागले व पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. तोच १९१४ साली कोल्हापुरातील डांबर प्रकरण उद्भवले. पुतळ्यास डांबर फासल्याच्या त्या खटल्यात अण्णासाहेब लठ्ठे ह्यांना गोवण्याचा घाट घातला गेला, आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. हे लठ्ठे म्हणजे त्याच जैन वसतिगृहाचे चालक. मनात सूड असता तर घेण्याची ती संधी होती. जीव नकोसा व्हावा इतका छळ भाऊरावांनी सोसला, परंतु खोटी साक्ष दिली नाही.

पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याच्या निमित्ताने ते गावोगाव हिंडले. नांगर विकता विकता त्यांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. कर्जात बुडालेला, अक्षरशत्रू बाप आणि गुरांमागे धावणारे त्याचे मूल! ह्या मुलांना शिकविल्यावाचून रयतेची दशा पालटणार नाही, अशी त्यांची खात्री झाली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कऱ्हाड तालुक्यातील काले ह्या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. संस्थेचे चिन्ह म्हणून त्यांनी वटवृक्ष निवडला. पारंब्या जमिनीस टेकून नवे खोड व्हावे, अशी त्यामागील दृष्टी होती.

१९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्व मुले तेथे एकत्र राहात, स्वयंपाक स्वतः करीत आणि एकाच पंगतीस बसत. त्या काळी पाण्याच्या घोटावरून गावे पेटत असत, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या पंगतीचे मोल कळेल. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी ह्या वसतिगृहास भेट दिली व त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण केले. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत. खेड्यात गेलेले अण्णा परतताना बहुधा एखाद्या हुशार पण निराधार पोराचे बोट धरूनच परतत.

परंतु घरी आणलेल्या लेकरास जेवू कोण घालणार? येथे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या ह्या माउलीने सर्व जातींची मुले पोटाशी धरिली. मुले त्यांना वहिनी म्हणत. वसतिगृहाचा कोठार रिकामा होई तेव्हा त्यांच्या अंगावरील एकेक दागिना बाजारात जाई. शेवटी मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून त्यांनी आपले मंगळसूत्रही दिले. सौभाग्याचे लेणे गळ्यातून काढून देणे म्हणजे काय, हे आपल्या मायबहिणींस सांगावयास नको. मंदिराच्या दानपेटीत आपली सारी उपजीविका टाकणाऱ्या त्या गरीब विधवेची आठवण येथे सहजच होते. १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. लावलेल्या रोपट्याचा वृक्ष पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. कर्मवीरांच्या औदार्याचा गौरव करिताना त्याची किंमत ह्या घराने मोजली होती, हे विसरता कामा नये.

भाऊरावांचे औदार्य डोळसही होते. फुकटच्या भाकरीने मुलगा मिंधा होतो, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी कमवा व शिका ही योजना चालविली. मुलांनी शेतात राबावे, दगड फोडावे, विहिरी खणाव्या, इमारतीच्या भिंती उभाराव्या आणि त्या श्रमाच्या बळावर शिकावे. अशा मुलास कोणापुढे मान खाली घालावी लागत नसे. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद ठरले. अण्णा स्वतः अनवाणी चालत, खादी वापरीत व खांद्यावर घोंगडी टाकून देणगीसाठी दारोदार फिरत.

१९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले, आणि तेथून शिकलेले तरुण खेडोपाडी जाऊन शेकडो प्राथमिक शाळा चालवू लागले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ साली कऱ्हाडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज स्थापन झाले. शिवाजी कॉलेजचे नाव बदलल्यास मोठी देणगी देऊ, असे कोणी सुचविले असता त्यांनी ती साफ नाकारली असे सांगतात. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावे १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प त्यांनी केला.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, आणि मॅट्रिकही न झालेल्या ह्या मनुष्यास पुणे विद्यापीठाने ५ एप्रिल १९५९ रोजी डी. लिट. ही सन्मानाची पदवी अर्पण केली. त्यानंतर एकच महिना लोटला आणि ९ मे १९५९ रोजी पुणे येथे त्यांनी देह ठेविला. आज रयत शिक्षण संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत.

वाचकहो, आपल्या मराठवाड्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. त्यांतील कित्येक तर सातारा, सांगली व कोल्हापूरच्या वाटेला लागतात. ज्या दसऱ्याला काले गावी एका मनुष्याने शाळेचे बी पेरिले, त्याच दसऱ्याच्या पुढेमागे आपल्याकडील अनेक मुलांची शाळा सुटते, ही गोष्ट मनास लागल्यावाचून राहात नाही. आईबाप फडात असता त्या मुलास चार-पाच महिने कोणाच्या तरी पंगतीत जागा हवी असते, रात्री दिव्यापाशी पुस्तक उघडून बसविणारे कोणी तरी हवे असते. आपण भाऊराव होऊ शकणार नाही, हे खरे. परंतु आपल्या घरी अशा एका मुलास ठेवून घेणे हे पुष्कळांच्या शक्तीबाहेरचे नाही.

ज्युबिलीच्या मेजवानीला आपण जी पाने मांडू, त्यांत एक पान अशा लेकरासाठी मांडावे, आणि सोहळा संपल्यावरही ते उचलू नये. ती सुबुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो.