फलाटावरचा दरबारी

मैफलीत भैरवी झाली की तंबोरे गवसणीत जातात. मागे बसलेले रसिक चपला शोधू लागतात, कुणी पहिल्या गाडीची वेळ विचारतो, कुणी अजून जागचा हललेलाच नसतो. खरे तर भैरवी हा सकाळचा राग. पण रात्रभर चाललेली बैठक पहाटे संपायची आणि शेवटी भैरवी यायची, म्हणून मैफल कधीही संपली तरी शेवट भैरवीनेच करण्याचा रिवाज पडला. भैरवीनंतर दुसरा राग गायचा नाही, हा त्यातला अलिखित दंडक. रे, ग, ध, नि हे चारही स्वर कोमल, आणि जाणता गवई त्यात बाराही स्वरांना हळूच बोट लावून येतो. निरोपाचा सूर यापेक्षा वेगळा कुठे मिळणार?

घरी जाताना डोक्यात घोळत राहते ती ही शेवटची चीज. आधी तासभर रंगलेला यमन किंवा मालकंस मागे पडतो. मराठी माणसाच्या कानात अशी जी एक भैरवी गेली नऊ दशके घोळते आहे, ती अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’. जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका. आजोबांच्या पिढीने ती चावीच्या फोनोवर ऐकली, वडिलांच्या पिढीने रेडिओवर, पुढच्यांनी कॅसेटवर. सुई उचलल्यावर खोलीत जी शांतता होई, तिच्याबद्दल त्या पिढीतली माणसे आजही बोलतात. पण ज्या गवयाने हा शेवट आपल्याला दिला, त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा शेवट एखाद्या कादंबरीकाराने लिहिला असता तर कुणी खरा मानला नसता.

खाँसाहेबांचा जन्म 1872 सालचा, उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचा. याच गावाच्या नावावरून त्यांच्या गायकीला किराणा घराणे हे नाव पडले. किराणा मालाच्या दुकानाशी तिचा काही संबंध नाही, हे अजूनही अधूनमधून सांगावे लागते. वडील काले खाँ, चुलते अब्दुल्ला खाँ, सगळे घरच गाण्याबजावण्याचे. गळ्याइतकीच सारंगी आणि बीन घरात नांदणारी. स्वर ताणून, ओढून, त्याच्या बारीक कडा चाचपत गाण्याची किराण्याची जी ओळख, ती या तंतुवाद्यांच्या सहवासातून आली असे मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे. भाऊ अब्दुल हक यांच्याबरोबर जोडीने गात गात ते तरुणपणीच बडोद्याला पोहोचले. सयाजीराव महाराजांचे दरबार म्हणजे त्या काळी गवयांना मोठाच आधार.

बडोद्यात त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होती. राजघराण्याच्या नात्यातली मुलगी, आणि शिकवणारा परप्रांतातला मुसलमान गवई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे दोघे बडोदे सोडून मुंबईला निघून आले. त्या काळात याचा अर्थ काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. दरबारची नोकरी गेली, ताराबाईंचे माहेर तुटले. राहिला तो तंबोरा.

पुढे मुंबई, मिरज, बेळगाव, हुबळी, धारवाड, म्हैसूर असा फिरता संसार झाला. मिरज त्यात मुक्कामाचे ठिकाण ठरले. रेल्वेचे मोठे जंक्शन, संस्थानी आश्रय आणि तंबोरे-सतारी बनवणाऱ्या कारागिरांची आळी, गवयाला याहून सोयीचे गाव कोणते असणार? खाँसाहेब स्वतः वाद्यांचे जाणकार. जवारी काढणे, बिघडलेले वाद्य दुरुस्त करणे यात त्यांचा हात चांगला बसलेला. मिरजेत असताना ते एकदा फार आजारी पडले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाण्याची सेवा केल्यावर बरे झाले, अशी कथा भाविक सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी त्या दर्ग्याशी त्यांचे जडलेले नाते अखेरपर्यंत टिकले, हे खरेच आहे.

ग्रामोफोन कंपनीने त्यांचे गाणे पहिल्यांदा मुद्रित केले ते 1905च्या आसपास. तो काळ कर्ण्यात तोंड घालून गाण्याचा. गाणे संपता संपता गवई स्वतःच आपले नाव मोठ्याने सांगून टाकी, कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत, आणि तिथल्या कारागिरांना कोण काय गातो हे कळण्याची दुसरी सोय नव्हती. आज त्या काळच्या मुद्रिका ऐकताना हसू येते. तान आटोपते न आटोपते तोच नावाची आरोळी! गाण्याचा शेवट म्हणून काही जपावा ही कल्पनाच तेव्हा यंत्राला मान्य नव्हती. खाँसाहेबांच्या त्या सुरुवातीच्या मुद्रिकांत आवाज दमदार आहे, ताना झपाट्याने येतात. पुढच्या खाँसाहेबांची ओळख पटायला थोडा वेळ लागतो.

मधल्या तीस वर्षांत हा गळा बदलला, की गाण्यामागचा माणूस बदलला? जाणकार याचे एक कारण रहिमतखाँ देतात. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचा हा मुलगा, अफाट सुरेल आणि तितकाच विक्षिप्त. सर्कसवाल्या विष्णुपंत छत्र्यांनी त्याला सांभाळले आणि महाराष्ट्रात आणले. हातावर पोट असलेल्या वाघसिंहांबरोबर या भूगंधर्वाचाही मुक्काम हलत असे. अब्दुल करीम खाँनी त्यांचे गाणे ऐकले आणि त्यांच्या गाण्याचा सूर पालटला. ‘जमुना के तीर’ ही ठुमरी रहिमतखाँही गात. त्यांनी ती मुद्रितही केली आहे. म्हणजे आपण जिला खाँसाहेबांची भैरवी म्हणतो, ती त्यांना दुसऱ्याच्या घरातून मिळालेली. दोन्ही मुद्रिका लागोपाठ ऐकून पाहाव्यात. रहिमतखाँच्या सुरात बेफिकिरी आहे. करीमखाँच्या सुरात आर्जव आहे. माझा कौल दुसऱ्याला, पण पहिल्याचे ऋण नाकारता येणार नाही.

1913च्या सुमारास खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. विद्यार्थी त्यांच्याच घरी राहात, जेवत आणि शिकत. फी घेण्याचा प्रश्न नव्हता. खाँसाहेबांच्या बैठकांच्या बिदागीवर सारा डोलारा. स्वयंपाकघर चालवायच्या ताराबाई. या काळात गवयाने काय काय करून पाहिले! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स बावीस श्रुतींचा हिशेब मांडत होते, तेव्हा त्यांना प्रत्यक्ष गाऊन श्रुती दाखवणारा गळा हवा होता. तो खाँसाहेबांनी दिला. दुसरीकडे टिपू नावाच्या आपल्या कुत्र्याला त्यांनी सुरात सूर मिळवायला शिकवले आणि लोकांपुढे त्याचा कार्यक्रमही केला. श्रुतींच्या शास्त्रार्थाइतकीच टिपूमियाँची चर्चा झाली असणार, यात शंका नको. दक्षिणेत वारंवार गेल्यामुळे कर्नाटक संगीताची गोडी लागली. सरगम गाण्याची ढब तिथलीच, आणि त्यागराजांची कृतीही त्यांनी मुद्रित केली. मराठी नाट्यपदेही वर्ज्य नव्हती. ‘मानापमान’ नाटकातले ‘चंद्रिका ही जणू’ त्यांच्या आवाजात ऐकले की गोविंदराव टेंब्यांची चाल किती मोकळ्या मैदानात जाऊ शकते ते समजते.

शिष्यांत सगळ्यांत नाव झाले ते कुंदगोळच्या रामभाऊंचे, म्हणजे सवाई गंधर्वांचे. दुसरे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी 1972 साली गुरूंचे मोठे चरित्र लिहिले. विद्यालयातली शिस्त कडक होती. एकेका स्वरावर महिनोन् महिने घालवायचे, ही किराण्याची जुनी खोड.

आणि मग 1922 साली घर मोडले. ताराबाई पाचही मुलांना घेऊन बाहेर पडल्या. नवऱ्याबायकोत काय बिनसले याची चर्चा पुष्कळ झाली, ती इथे उगाळण्यात अर्थ नाही. ताराबाईंनी मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचा सुरेशबाबू माने झाला. चंपाकलीची हिराबाई झाली, गुलाबची कमलाबाई, सकीनाची सरस्वती. धाकटा कृष्णराव. हिराबाई आणि कमलाबाईंनी बडोदेकर हे आडनाव लावले, आईच्या गावाची आठवण म्हणून; बापाचे नाव कागदावरून गेले.

कागदावरून गेले, गळ्यातून कसे जाणार? सुरेशबाबूंना वडिलांनी लहानपणापासून तालीम दिलेली. हिराबाई पुढे किराण्याचेच अब्दुल वहीद खाँ आणि थोरले भाऊ सुरेशबाबू यांच्याकडे शिकल्या. सरस्वती राणे चित्रपटापर्यंत पोहोचल्या. प्रतिष्ठित घरातल्या बायकांनी तिकीट लावून लोकांपुढे गावे की नाही याचा वाद गावोगाव रंगत असताना हिराबाई शांतपणे तंबोरा घेऊन व्यासपीठावर बसल्या आणि त्या वादातली हवाच निघून गेली. अंगभर पदर घेतलेली, हातवारे न करता गाणारी ही बाई पाहून किती घरांतल्या मुलींना गाणे शिकायची परवानगी मिळाली, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. त्यांच्या गाण्यातला तो मंद, आर्जवी सूर कुठला, हे त्या काळच्या श्रोत्यांना सांगावे लागत नसे.

खाँसाहेब मिरजेला राहिले. आपण पोसलेले घर आणि आपण उभारलेले विद्यालय दोन्ही विस्कटल्यानंतरची ही पंधरा वर्षे. या काळात ते अधिक एकटे झाले असे म्हणणे सोपे आहे, पण त्यांच्याभोवती शिष्य होते, दुसरे घरही झाले होते आणि दक्षिणेचे दौरे थांबले नव्हते. तरीही आज आपण ज्या मुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकतो त्या सगळ्या या अखेरच्या काळातल्या. वयाची साठी ओलांडल्यावर ओडियन कंपनीने त्यांना मुद्रणासाठी बसवले तेव्हा विजेवरचे मुद्रण आले होते, मायक्रोफोन आला होता. कर्ण्यात ओरडायची गरज उरली नव्हती. हळू आवाजात, कुणाच्या कानाशी सांगावे तसे गाता येत होते. खाँसाहेबांच्या बारीक, टोकदार आवाजाला हे यंत्र जणू वाट पाहून भेटले. तीन मिनिटांत पूर्ण राग दिसतो, पण घाई दिसत नाही. त्यांची झिंझोटीतली ‘पिया बिन’ ही ठुमरी कुंदनलाल सैगलने 1935च्या ‘देवदास’मध्ये आपल्या पद्धतीने गायली, आणि जे लोक गवयाच्या बैठकीला कधी गेले नसते त्यांच्याही ओठांवर ती आली. गदगच्या एका शाळकरी मुलाने खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि असे गाणे शिकवणारा गुरू शोधायला तो घर सोडून पळाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

1937च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासकडे होते. तिथून त्यांना पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात गायला जायचे होते. रात्रीची गाडी, बरोबर शिष्यमंडळी. वाटेत छातीत दुखू लागले. चेंगलपट्टूच्या अलीकडे सिंगपेरुमलकोईल नावाचे एक लहान स्थानक आहे. तिथे ते उतरले. पुढची हकीकत अशी सांगितली जाते की दुखणे थांबेना तेव्हा त्यांनी फलाटावरच अंथरूण घालायला लावले, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी कानड्याच्या सुरांत ईश्वराची प्रार्थना सुरू केली. दरबारी हा रात्रीचाच राग, त्यामुळे वेळही चुकली नव्हती. गाता गाता ते आडवे झाले आणि संपले. तारीख होती 27 ऑक्टोबर. वय चौसष्ट.

तिथे मायक्रोफोन नव्हता, तबकडी नव्हती. ऐकायला सोबतची चार माणसे होती, आणि असलाच तर त्या रात्रीच्या पाळीचा रेल्वेचा कुणी नोकर. आयुष्यभर ज्याने मैफलीचा शेवट भैरवीने केला त्याने स्वतःचा शेवट दरबारीत करावा, यात अर्थ शोधू गेले तर पुष्कळ सापडेल. मला वाटते, दुखणाऱ्या छातीच्या माणसाला खर्जात स्थिरावणारा राग जवळचा वाटला असेल, इतके साधेही ते असू शकते. दरबारीचा तो डोलणारा कोमल गंधार त्यांनी त्या रात्री कसा लावला असेल, हा प्रश्न मात्र गाणे ऐकणाऱ्या कुणालाही सुटत नाही.

त्यांचा देह मिरजेला आणला गेला. मीरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांचे दफन झाले, आणि उरुसाच्या वेळी त्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ गाणे-बजावणे करण्याची परंपरा सुरू झाली. मोठमोठे गवई तिथे बिदागीचा विचार न करता हजेरी लावत आले आहेत.

सवाई गंधर्व 1952 साली गेले, आणि पुढच्या वर्षापासून भीमसेनांनी गुरूंच्या पुण्यतिथीला पुण्यात उत्सव सुरू केला. त्याच वर्षी, 1953 साली, सुरेशबाबू गेले. हिराबाई 1989 पर्यंत होत्या. सुरेशबाबू आणि हिराबाई या दोघांकडे शिकलेल्या प्रभा अत्रे यांनी पुढे कैक वर्षे या उत्सवाच्या अखेरच्या सत्रात गायन केले. रात्रभर चालणाऱ्या त्या उत्सवात सारे गवई, वादक गाऊन-वाजवून झाले की मंडपात सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावायची, असा पायंडा पडला. गाणारा समोर नाही, व्यासपीठ रिकामे, आणि खरखरीतून येणारा तो सूर. गुडघ्यावर घोंगडी घेतलेले, डोळे तारवटलेले श्रोते ती संपेपर्यंत उठत नसत.