प्लेगचे इस्पितळ आणि पंडिता रमाबाई

शब्बाथ शाळेत पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगताना आपण त्यांचे संस्कृत पांडित्य, शारदा सदन आणि मुक्ती मिशन येथवर येतो. १८९७ सालच्या प्लेगातील एक प्रसंग बहुधा राहून जातो. तो आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळात आईबाप गेले, तेव्हा आजारी माणसाची असहाय स्थिती त्यांनी जवळून पाहिली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली. पुरुषापुढे दुखणे सांगण्यास लाजून असंख्य बाया मरत होत्या. पुढील वर्षी इंग्लंडात फुलम येथे भगिनींनी चालविलेले पतित स्त्रियांचे घर त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्यांना तेथे मायेने वागविलेले पाहून त्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढले गेले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने कहर केला. गोरे शिपाई घरोघर झडती घेत, रोग्यांना इस्पितळात व सोबतच्यांना छावणीत नेत. त्याच सुमारास रमाबाईंनी मध्यप्रांतातून दुष्काळग्रस्त मुली आणल्या होत्या. अधिकाऱ्यांच्या हुकुमामुळे त्यांना केडगावच्या शेतावर हलवावे लागले. म्हणजे शेकडो मुलींचा भार डोक्यावर आणि सरकारची मर्जी राखणे भाग! अशा वेळी सदनातील एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेली गेली. ती परत आली नाही. तेथून ती वाईट हाती पडली, असे रमाबाईंचे म्हणणे होते.

पाहुणे इस्पितळात गेले की भिंतीचा चुना आणि पलंगावरची चादर पाहतात. रमाबाईंनी वेगळेच विचारले. बायांवर देखरेख कोणाची? रात्री पहारा कोण करतो? बरी झालेली मुलगी कोणाच्या स्वाधीन केली? आमच्या मते सेवेची परीक्षा येथेच होते. मे महिन्यात त्यांनी बाँबे गार्डियन पत्रात हे उघड लिहिले. मिशनरी मित्रांच्या पत्रात सरकारवर टीका, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती! प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटात गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप चुकीचे ठरविले. ज्या देशी वर्तमानपत्रांनी धर्मांतरावरून त्यांना झोडपले होते, त्यांच्यापैकी काहींनी या वेळी मात्र त्यांची पाठराखण केली.

पत्र लिहून त्या थांबल्या नाहीत. केडगावी पतित स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व दुबळ्यांसाठी प्रीती सदन, आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन अशी घरे उभी राहिली. सरकारला विचारलेले प्रश्न आता त्यांच्याच दारी आले. तेथे देखरेख बायांचीच असे, आणि वडीलधाऱ्या मुली धाकट्यांना सांभाळीत.

१९१९ साली त्याच सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावीच ख्रिस्तवासी झाल्या.